पावसात काय लावू, गेरला काय लावू? वाचकांचे जॅझचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की जॅझ नव्याने ऐकायचं तर आपल्या सणवारांना आणि ऋतूंना धरून ऐका, एका ऋतूला एकच रेकॉर्ड, आणि ती तो ऋतू संपेपर्यंत पुन्हापुन्हा. त्यावर इंदूरभरातून एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की सगळ्यांना उत्तर देणं या दोन पानांत बसणार नाही, तरी जमतील तेवढे प्रश्न घेते. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, फक्त मोहल्ला.

ताई, आमच्या घरी शास्त्रीयचं वेड. बाबा अमीर खाँसाहेबांचे भक्त, पावसाळा लागला की घरात गौड मल्हार आणि मियाँ मल्हार. तुम्ही म्हणता ऋतूप्रमाणे जॅझ ऐका, पण त्यात ऋतूंचे राग नसतातच ना? मग हे ओढूनताणून नाही का होत? (राजेंद्रनगर)

तुमची शंका रास्त आहे म्हणून सगळ्यात आधी घेतली. जॅझमध्ये प्रहर नाहीत, हे सकाळी वाजवू नका असं कोणी म्हणत नाही. पण ऋतूशी गाणं बांधायची सवय आपल्या कानाला आहे ना, ती घेऊनच तिकडे जायचं. इथून ३५-४० किलोमीटरवर देवासला राहून कुमारजींनी (कुमार गंधर्वांनी) गीत वर्षा, गीत हेमंत, गीत वसंत असे कार्यक्रम बांधले आणि त्यात माळव्याची लोकगीतंसुद्धा घेतली, आता ती लोकगीतं काही कुठल्या मल्हारात बसवलेली नव्हती, पण बायका ती पावसातच गात आल्या म्हणून ती पावसाची झाली. तसंच हे. एखादी रेकॉर्ड तुम्ही चार पावसाळे ऐकलीत की पाचव्या वर्षी ढग आल्यावर ती आपोआप आठवते, माझा अनुभव आहे.

आता काय ऐकायचं ते सांगते. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ ची. न्यू यॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच बैठकांत रेकॉर्ड झाली. पहिलाच तुकडा 'सो व्हॉट', आणि त्याचं जे सप्तक आहे ना, गंधार-निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे चक्क आपला काफी थाट! मियाँ मल्हारही काफी थाटातच धरतात. मी असं अजिबात म्हणत नाही की ते मल्हारासारखं ऐकू येतं, तसं येत नाही, ना ते आंदोलन ना ती मींड, पण बाबांच्या कानाला ते सूर परके वाटणार नाहीत. बाबा अडतील ते दुसरीकडे. आपल्याकडे सा लागला की लागला, मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, इथे मात्र सोळा बार (एक बार म्हणजे चार मात्रा) झाले की सगळं अर्धा सूर वर सरकतं, आठ बार तिथे राहतं आणि परत आठ बार खाली. बत्तीस बारचं एक आवर्तन. पहिल्या दिवशी बाकी काही ऐकू नका, फक्त बोटावर मोजत हे सरकणं पकडा. एकदा ते पकडलं की माइल्सच्या ट्रम्पेटमधल्या मोकळ्या जागा दिसायला लागतात, आणि खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ज्यांनी धीराने ऐकलाय त्यांना मोकळ्या जागेची भीती नसते.

याच रेकॉर्डचा शेवटचा तुकडा 'फ्लेमेंको स्केचेस'. यात पाच सप्तकं ठरवलेली आहेत आणि एकेका सप्तकात किती वेळ रमायचं ते वाजवणाऱ्याने वाजवता वाजवता ठरवायचं. बाबांना ही कल्पना आवडेल बघा. याचं मूळ आहे बिल एव्हन्सच्या 'पीस पीस' मध्ये, डिसेंबर १९५८ चं, एकटा पियानो. डावा हात दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांचे गुच्छ, आलटूनपालटून वाजवत राहतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जवळजवळ तानपुराच, आणि त्यावर उजवा हात आधी साध्या ओळी म्हणतो मग हळूहळू पाखरांसारखा किलबिलायला लागतो. जुलैत दुपारी लाइट गेलेत, झड लागलीय, बॅटरीवरचा छोटा स्पीकर आहे, अशा वेळी हे लावा. आषाढ आणि श्रावण दोन्हीला पुरतं.

रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत डीजेवर जे वाजतं ते वाजतंच, पण संध्याकाळी रंग धुवून आम्ही मित्र गच्चीवर बसतो तेव्हा काय लावू? शांत नको हां ताई. (रामबाग)

शांत कशाला, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सला जा! तिथे मार्डी ग्रा, म्हणजे कार्निव्हलचा दिवस, असतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तो दिवस ईस्टरवरून मागे मोजून ठरतो, ईस्टर ठरतो वसंतातल्या पौर्णिमेवरून, म्हणजे फाल्गुनी पौर्णिमेनंतर पाच दिवस मोजणारे आपण आणि ते, दोघंही आभाळातला चंद्र बघूनच रस्त्यावर उतरतो. आपल्याकडे टोरी कॉर्नरहून गेर निघते, टँकर, गुलालाच्या तोफा, राजवाड्यापर्यंत माणसांचा समुद्र. तिकडे ब्रास बँड निघतो, आणि त्यांच्यात एक सुंदर शब्द आहे, सेकंड लाइन. पहिली लाइन म्हणजे बँड आणि ज्या क्लबची मिरवणूक आहे ती मंडळी, आणि त्यांच्यामागे जो कोणी नाचत सामील होईल, ओळखीचा असो नसो, तो सेकंड लाइन. आपल्या गेरला तर फक्त सेकंड लाइनच असते असं मला वाटतं, बघणारा कोणी उरतच नाही.

तर डर्टी डझन ब्रास बँडची १९८४ ची 'माय फीट कान्ट फेल मी नाऊ' लावा. त्यात बेस गिटार नाही, सगळा खर्ज सूझाफोनवर, म्हणजे तो अंगाला गुंडाळून वाजवतात तो भलामोठा भोंगा. खर्जाकडे कान ठेवा, पाय आपोआप हलतील. मग दम लागला की प्रोफेसर लाँगहेअरचं 'गो टू द मार्डी ग्रा', १९५९ चं, सुरुवातीची शिट्टी आणि तो लंगडत पळणारा पियानो.

'ऑटम लीव्हज' हे जॅझवाले पानगळीत ऐका म्हणतात. ऑक्टोबरमध्ये लावलं, बाहेर सगळं हिरवंगार आणि दमट, काहीच जमलं नाही. (लोकमान्यनगर)

जमणार नाहीच, कारण त्यांची पानगळ सप्टेंबर-ऑक्टोबरची आणि आपली शिशिरातली, माघ-फाल्गुनात. दुसऱ्यांचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर टांगायचं नाही, एवढं एक मी प्रत्येकाला सांगते. हे गाणं फेब्रुवारी संपता संपता लावा, जेव्हा चोरलकडे जाताना सागवान उघडे पडलेले असतात, खाली पानांचा खच आणि मध्येच एखादा पळस पेटलेला. कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या 'समथिंग एल्स' या रेकॉर्डवरचं ऐका, सोबत माइल्स आहे, आणि गंमत अशी की ते रेकॉर्ड झालं ९ मार्च १९५८ ला, म्हणजे बरोबर आपल्या पानगळीत. मूळ फ्रेंच गाणं, जोसेफ कोस्मा यांची चाल, त्याच्या नावाचा अर्थ मेलेली पानं. तसंच 'एप्रिल इन पॅरिस' एप्रिलमध्ये लावू नका, बाहेर ४० डिग्री असताना त्या गाण्यावर अन्याय होतो, वसंत पंचमीला लावा.

अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्यांची, म्हणजे देखाव्यांची, मिरवणूक बघून पहाटे घरी येतो, आणि ते रिकामं मखर बघितलं की पोटात खड्डा पडतो. दहा दिवसांचा गोंगाट आणि एकदम काहीच नाही. त्या सकाळसाठी काही आहे का? (सुदामानगर)

आहे. आणि तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते, कारण लहानपणी जेल रोडवर काकांच्या खांद्यावर बसून झांक्या बघितल्यावर मलाही घरी यावंसंच वाटायचं नाही.

न्यू ऑर्लीन्समध्ये माणूस गेला की त्याला वाजतगाजत नेतात. जाताना बँड अगदी संथ वाजवतो, एकेक पाऊल टाकत, बहुतेकदा 'जस्ट अ क्लोजर वॉक विथ दी' हे भजन. स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल केलेल्या असतात किंवा मध्ये रुमाल घातलेला असतो, त्यामुळे ड्रमचा आवाज दबका, कोंदलेला येतो. दफन झालं, निरोप देऊन झाला, की थोडं अंतर चालून गेल्यावर ड्रमवाला तो रुमाल काढतो, तारा ताणतो, कडाडून एक रोल देतो आणि तोच बँड जोरात, नाचरं वाजवत परत फिरतो, मागे सेकंड लाइन छत्र्या-रुमाल उडवत. जाताना रडायचं आणि येताना नाचायचं, दोन्ही एकाच रस्त्यावर.

आणि यातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट सांगू का, हे बँड परवडायचे कसे? तिथल्या कष्टकरी काळ्या लोकांनी आपापल्या मदत-मंडळ्या काढल्या होत्या, थोडी थोडी वर्गणी गोळा करायची, कोणी आजारी पडलं तर मदत, कोणी गेलं तर बँडसकट अंत्ययात्रा. आपल्या झांक्या मिलच्या कामगारांच्या. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल, एकेक करून भोंगे बंद पडले, पगार थांबले, तरी ते कामगार चंदा गोळा करून झांकी काढत राहिले. म्हणून मला ते बँड ऐकताना परदेशातलं काही ऐकतोय असं वाटतच नाही.

डर्टी डझन ब्रास बँडचीच २००४ ची 'फ्युनरल फॉर अ फ्रेंड' अशीच बांधलेली आहे, आधी संथ निरोप आणि मग उसळी. सकाळी चहा होईपर्यंत संथ भाग ऐका, मखर तसंच राहू द्या, घाईने आवरू नका. पुढचा भाग सुरू झाला की आवरायला घ्या. गाणी मधूनच उचलून ऐकायची नाहीत, याला क्रम महत्त्वाचा.

सासूबाईंना दिवाळी पहाट म्हणजे नाट्यसंगीत आणि भावगीतं, आणि मला वाटतं एकदा तरी जॅझ लावावं. वाद नकोय, उपाय सांगा. (टिळकनगर)

अहो, अभ्यंगाच्या वेळेला हात लावू नका. उटणं, पणत्या, सनई, ते तसंच हवं, मलाही तसंच हवं असतं. तुमची वेळ फराळ झाल्यावरची, दहा-अकराची, जेव्हा सगळे पेंगुळलेले असतात आणि चकलीचा डबा मध्ये पडलेला असतो. तेव्हा 'एला अँड लुई', १९५६ ची. एला फिट्झजेराल्डचा तो धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ आवाज आणि लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत, आणि मागे ऑस्कर पीटरसन पियानोवर इतका समजूतदारपणे वाजवतो की कोणाला गप्पा थांबवाव्या लागत नाहीत.

पण त्याच्याही आधी सासूबाईंना विचारा की त्यांना सी. रामचंद्र आवडतात का. आवडतच असणार! पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर, आणि त्यांच्या 'अलबेला' मध्ये, १९५१ साली, जो ट्रम्पेटचा ठसका आहे तो चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याचा, त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'शोला जो भडके' लावा, त्या गुणगुणतील, मग म्हणा की आई, हे जिथून आलं ते ऐकायचं का. मुंबईच्या हॉटेलांमध्ये रात्री जॅझ वाजवणारे हे गोवेकर दिवसा फिल्मच्या स्टुडिओत बसायचे, म्हणजे सासूबाईंच्या पिढीने जॅझ भरपूर ऐकलाय, फक्त त्याला ते नाव माहीत नव्हतं.

कोजागिरीला आमचा ग्रुप जागतो. दूध आटवून होईपर्यंत अंताक्षरी, नंतर झोप येते. (वैशाली नगर)

साडेअकराला कीथ जॅरेटची 'कोल्न कॉन्सर्ट' लावा. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोनमध्ये ती मैफलही रात्री साडेअकराच्या सुमारालाच सुरू झाली होती. भलताच, लहान आणि बिघडलेला पियानो पुढ्यात आला होता, जॅरेट वाजवायलाच तयार नव्हता, शेवटी बसला आणि काही न ठरवता तासभर वाजवलं. वरचे सूर किरटे म्हणून तो मधल्या पट्टीत फिरत राहतो आणि डाव्या हाताने लय धरून ठेवतो. दूध त्याच्या नंतर गाळा.

मुलगी मिशनरी शाळेत आहे, ख्रिसमसला घरी काहीतरी लावूया म्हणते. (स्नेहलतागंज)

विन्स ग्वारल्डी ट्रिओची 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस', १९६५. मुलांचा कोरस आहे, तिला लगेच आवडेल. आणि तुमच्यासाठी, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून गरम गराडू (तळलेला कंद) आणून रजईत बसल्यावर, ड्यूक एलिंग्टनची 'फार ईस्ट सुइट'. १९६३ मध्ये त्यांचा बँड आपल्या देशात येऊन गेला होता, त्या दौऱ्याच्या आठवणीतून ती झाली, आणि त्यातल्या 'ब्लूबर्ड ऑफ देल्ही' मध्ये क्लॅरिनेटवर जी शीळ येते ती आपली साळुंकी आहे, मुलीला न सांगता ओळखायला लावा.

यंदा वडील गेले. ते आषाढी एकादशीला दिवसभर अभंग लावायचे. मला अभंग लावले की ऐकवत नाही, अजून नाही. कोणीतरी 'अ लव्ह सुप्रीम' सांगितलं. त्या दिवशी हे लावणं बरं दिसेल का? (पत्ता दिला नाही)

लावा. बरं दिसण्याचा प्रश्नच नाही, ती रेकॉर्ड म्हणजे नामस्मरणच आहे.

ती करणारा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन नशेत पार बुडालेला होता, १९५७ मध्ये त्यातून बाहेर आला, आणि ही देवाची कृपा असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. ९ डिसेंबर १९६४ ला, न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत, त्याने चौघांच्या बँडबरोबर हे वाजवलं, जेमतेम तेहतीस मिनिटं, चार भाग. पहिल्या भागात चार सुरांची एक छोटी ओळ आहे, ती बेसवर येते, मग तो सॅक्सोफोनवर तीच ओळ एकेका पट्टीत फिरवत राहतो, वरून खालून सगळीकडून, आणि मग सॅक्सोफोन खाली ठेवून तेच चार सूर शब्दांत म्हणायला लागतो, ए लव्ह सुप्रीम, ए लव्ह सुप्रीम, परत परत. गजर जसा टिपेला न जाता नुसता चालू राहतो ना, तसा.

शेवटचा भाग 'साम', म्हणजे स्तोत्र. कोल्ट्रेनने देवाला उद्देशून एक कविता लिहिली होती, ती रेकॉर्डच्या कव्हरवर छापलेली आहे, आणि शेवटच्या भागात तो ती कविता सॅक्सोफोनवर म्हणतो, अक्षर न अक्षर, पण तोंडाने एकही शब्द नाही. ती कविता समोर धरून ऐकलं तर ओळी जुळत जातात. मी हे पहिल्यांदा असं ऐकलं ते माझे वडील गेल्यावरच. मलाही तेव्हा शब्द नको झाले होते, आणि तिथे शब्दांशिवाय सगळं म्हटलं जात होतं.

संध्याकाळी, दिवा लावल्यावर ऐका. मधले दोन भाग दणकट आहेत, ड्रम खूप आहे, तिथे थांबावंसं वाटेल, पण थांबू नका. आणि अभंगांचं म्हणाल तर येतील ते परत, कार्तिकीला नाही तर पुढच्या आषाढीला.

मी सातवीत आहे. तबला शिकतो. मला 'टेक फाइव्ह' खूप आवडतं पण मोजताना नेहमी चुकतो. दिवाळीच्या सुट्टीत कसं शिकू? (मनोरमागंज)

शाब्बास! तुला झपताल येतो ना, मग अर्धं काम झालंय. झपताल दोन-तीन-दोन-तीन, दहा मात्रा. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे आणि ते तीन-दोन असं चालतं, तू दोन-तीन मोजत असशील म्हणून चुकतोस. झपतालाच्या दुसऱ्या खंडापासून सुरुवात कर, धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. नुसतं तोंडाने म्हण, तबला नको, आणि पियानोचा तो सुरुवातीचा तुकडा लाव, बरोबर बसेल.

ते बसलं की मधला ड्रमचा सोलो ऐक. जो मोरेलो ड्रम वाजवतो आणि तेवढा वेळ डेव्ह ब्रूबेक पियानोवर तोच तुकडा धरून ठेवतो, म्हणजे तुझ्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात तसंच अगदी. मोरेलो कितीही लांब गेला तरी लेहरा मोजत राहा, तो समेवर कधी येतो ते टाळी देऊन दाखव. पहिले आठ-दहा दिवस चुकेल. जमलं की त्याच रेकॉर्डवर, 'टाइम आउट' वर, पहिलंच गाणं आहे 'ब्लू राँदो आ ला तुर्क', ते घे, नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन, ब्रूबेकने ती लय इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून ऐकली होती. त्याला बोल तुझे तू बसव, आणि बसले की मला लिहून पाठव.